कबुलीजबाब ते आत्मकथन

मराठीत फसवणाऱ्या माणसाला भामटा म्हणतात, मुरलेल्या आणि कशालाही न बधणाऱ्या माणसाला बेरड म्हणतात, आणि नजर चुकवून वस्तू लांबवणाऱ्याला उचल्या म्हणतात. यांपैकी पहिली दोन मुळात समूहांची नावे आहेत, आणि ती बोलीभाषेत दूषणे म्हणून रुळली. तिसऱ्याची वाट उलटी आहे, कारण 'उचलणे' या क्रियापदापासून बनलेले दूषण इतरांनी एका समूहाला चिकटवले आणि पुढे सरकारी कागदांतही तेच त्याचे नाव ठरले. कन्नडमध्ये 'बेड' म्हणजे शिकारी, आणि मराठीत 'पारध' म्हणजे शिकार, त्यामुळे बेरड आणि पारधी ही दोन्ही नावे मूळ अर्थाने फक्त व्यवसाय सांगणारी आहेत. तरीही आज ती उच्चारली की ऐकणाऱ्याच्या मनात जाळे, ससा आणि तितर येत नाहीत, तर रात्र, दरोडा आणि पोलीस येतात. व्यवसायाचे नाव गुन्ह्याचे नाव कसे झाले, याचे उत्तर केवळ गुन्ह्यांच्या नोंदींत सापडत नाही. ते कादंबऱ्यांत, कायद्याच्या पुस्तकांत, पोलिसांच्या मार्गदर्शिकांत आणि वर्तमानपत्रांच्या रकान्यांत विखुरलेले आहे, आणि त्यातील बरेच धागे 2023 पासून धाराशिव या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एकाच जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादेत, एकत्र येतात.

एखाद्या समूहातील सर्व माणसे एकाच स्वभावाची असतात असे गृहीत धरणाऱ्या तयार चित्राला समाजशास्त्रात साचेबंद प्रतिमा म्हणतात. या अर्थाचा इंग्रजी शब्द मूळचा छापखान्यातला आहे. जुळवलेल्या खिळ्यांवरून ओतून घेतलेला, एकच मजकूर हजारो वेळा तसाच्या तसा उमटवणारा धातूचा अखंड ठसा, असा त्याचा मूळ अर्थ. अमेरिकी पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी 1922 साली प्रसिद्ध झालेल्या लोकमतावरील पुस्तकात तो माणसाच्या मनाला लावला. माणूस आधी पाहतो आणि मग व्याख्या करतो असे नसून, बहुतेक वेळा तो आधी व्याख्या करतो आणि मग तिच्यात बसेल तेवढेच पाहतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. ज्या समूहाशी रोजचा संबंध येतो त्याच्याबाबतीत अनुभव या ठशाला थोडेफार घासत राहतो. परंतु जो समूह संख्येने थोडा आहे, गावाबाहेर राहतो, घरात वेगळी भाषा बोलतो आणि ज्याच्या उंबऱ्यावर बाकीचे गाव कधी जात नाही, त्याच्याविषयी कथा आणि बातमी हाच जवळजवळ एकमेव परिचय असतो. पारध्यांची बोली गुजरातीला जवळची आहे, कैकाड्यांची तमिळ कुळातली आहे आणि लमाणांची गोरबोली राजस्थानी वळणाची आहे. त्यामुळे हे समूह जातिव्यवस्थेच्या तळाशी ढकललेले आहेतच, शिवाय भाषा, पेहराव आणि चालीरीतींनी वेगळे ओळखू येणारे वांशिक अल्पसंख्यही आहेत. त्यांच्याविषयीचा ठसा इतका खोल का उमटला, याचे एक कारण या दुहेरी वेगळेपणात आहे.

नळदुर्गचा अधिकारी आणि त्याची कादंबरी

फिलिप मेडोज टेलर याचा जन्म 1808 साली लिव्हरपूल येथे झाला. कोवळ्या वयातच तो हिंदुस्थानात येऊन निजामाच्या नोकरीत शिरला, आणि तेथील पोलीस कामाच्या काळात त्याचा ठगांविषयीच्या तपासाशी संबंध आला. वाटसरूंशी ओळख करून घेऊन, त्यांच्याबरोबर काही मजल चालून, मग रुमालाने गळा आवळून त्यांना मारणाऱ्या आणि लुटणाऱ्या टोळ्यांना ठग म्हटले जात होते, आणि विल्यम स्लीमन या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने त्यांच्याविरुद्ध मोठी मोहीम चालवली होती. टेलरने या सामग्रीतून लिहिलेली 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' ही कादंबरी 1839 साली लंडनमध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली आणि फार लोकप्रिय ठरली. 'ठग' हा हिंदुस्थानी शब्द इंग्रजीत घरोघरी पोचवणाऱ्या पुस्तकांत तिचे स्थान वरचे आहे.

या कादंबरीची रचना लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. तिचा नायक अमीर अली हा पकडला गेलेला ठग आहे, तो आपली सारी कहाणी 'मी' म्हणून एका गोऱ्या साहेबाला सांगतो, आणि साहेब बहुतांशी गप्प राहून ऐकतो व लिहून घेतो. हा प्रकार टेलरने हवेतून निर्माण केला नव्हता, कारण स्लीमनच्या मोहिमेचा सारा डोलारा माफीच्या साक्षीदारांवर उभा होता. पकडलेल्यांपैकी काहींना फाशीतून सूट दिली जाई, आणि त्या बदल्यात ते आपल्या साथीदारांची नावे, जुने खून आणि टोळीच्या चालीरीती सांगत. ज्याचा जीव सांगण्यावर अवलंबून आहे, तो ऐकणाऱ्याला जे हवे तेच जास्त रंगवून सांगण्याची शक्यता उघड आहे. म्हणूनच नंतरच्या इतिहासकारांनी ठगांच्या धर्मपंथासारख्या संघटनेविषयी, भवानीच्या कौलाविषयी आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या व्रताविषयी या जबान्यांतून जे उतरले ते जसेच्या तसे मानण्यास हरकत घेतली आहे. वाटमारी आणि खून घडत नव्हते असे कोणीही म्हणत नाही. प्रश्न आहे तो घडलेल्या गुन्ह्यांना 'रक्तातला धर्म' असे रूप देण्याचा. कादंबरीने या जबान्यांना ओघवती भाषा दिली, आणि विशेष म्हणजे गुन्हेगाराचा स्वतःचा वाटावा असा 'मी' दिला. वाचकाला वाटले की ठग बोलतो आहे. प्रत्यक्षात ठगाच्या तोंडून शासनाचा अधिकारी बोलत होता.

टेलर पुढे 1841 पासून बारा वर्षे सुरापूर या बेडर, म्हणजेच बेरड, राजाच्या संस्थानाचा कारभार पाहत होता. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर धाराशिव-नळदुर्गचा मुलूखही इंग्रजांच्या ताब्यात दिला, तेव्हा नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार टेलरकडे आला आणि तो 1857 पर्यंत तेथे राहिला. बोरी नदीकाठचा नळदुर्गचा किल्ला आज तुळजापूर तालुक्यात आहे. ज्या भवानीला कादंबरीने खुन्यांची देवता म्हणून युरोपात नेले, त्याच नावाच्या, महाराष्ट्राच्या कुलस्वामिनीच्या तुळजापूरच्या मंदिराभोवतीचा मुलूख आता त्याच लेखकाच्या अखत्यारीत होता. नंतर 1863 साली आलेल्या त्याच्या 'तारा' या ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ तुळजापुरातच होतो, आणि तिच्यात देवी ही एका मंदिराची, एका कुटुंबाची, मानवी श्रद्धेची देवी आहे. जबान्यांतून ऐकलेली भवानी आणि शेजारी राहून पाहिलेली भवानी यांतला हा फरक एकाच लेखकाच्या हातून झाला आहे. सहवासाने पूर्वग्रह सैल होतात, असा सिद्धांत गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने 1954 साली मांडला, आणि त्याला अनुकूल असे उदाहरण याहून नेमके सापडणे कठीण आहे. मात्र जगाने उचलली ती पहिली प्रतिमा. 1939 च्या 'गंगा दीन'पासून 1984 च्या 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम'पर्यंत हॉलीवूडच्या पडद्यावर नरबळी देणारे देवीभक्त ठग येत राहिले. दुसऱ्या चित्रपटाला भारतात चित्रीकरणाची परवानगी मिळाली नाही, म्हणून ते श्रीलंकेत झाले, आणि ठगांच्या पुजाऱ्याची भूमिका मराठी प्रेक्षकांनाही परिचित असलेल्या अमरीश पुरी यांनी केली.

प्रतिमेचा कायदा होतो तेव्हा

कथेतील प्रतिमा मनात राहिली तर ती पूर्वग्रह होते, परंतु ती कायद्यात गेली की तिच्यामागे शिपाई आणि तुरुंग उभा राहतो. ठगांविरुद्धच्या 1836 च्या कायद्याने एक मूलभूत बदल केला होता. अमुक दिवशी अमुक ठिकाणी आरोपीने अमुक कृत्य केले, हे सिद्ध करण्याची गरज त्याने उरू दिली नाही, आणि ठगांच्या टोळीत असणे एवढ्याच गोष्टीला जन्मठेपेची शिक्षा ठरवली. कृत्याऐवजी सदस्यत्व हाच गुन्हा मानण्याची ही कल्पना पस्तीस वर्षांनी, 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यात, टोळीवरून अख्ख्या जमातीवर आली. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो आणि विणकराचा विणकर, तसाच चोराचा मुलगा चोर होणार, हा तर्क त्या वेळी अधिकाऱ्यांनी उघडपणे मांडला होता. जातिव्यवस्थेविषयीची एक अर्धवट समजूत आणि कादंबऱ्या व जबान्यांतून तयार झालेले गुन्हेगारी पंथाचे चित्र, या दोहोंचा हा संकर होता.

या कायद्याची कार्यपद्धती साधी आणि कठोर होती. सरकारने राजपत्रात एखाद्या जमातीचे नाव जाहीर केले की तिच्यातील व्यक्तींची नोंद होई. नोंद झालेल्याने ठरलेल्या वेळी पोलीस पाटलाकडे किंवा ठाण्यात हजेरी द्यायची, आणि गाव सोडायचे तर दाखला घ्यायचा. जमात जाहीर करण्याच्या निर्णयाला न्यायालयात आव्हान देण्याची सोय ठेवलेली नव्हती. आरंभी उत्तर भारतापुरता असलेला हा कायदा 1911 मध्ये साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानाला लागू होण्याजोगा करण्यात आला आणि 1924 मध्ये नव्याने एकत्रित करण्यात आला. मुंबई इलाख्यात काटेरी तारांच्या आतल्या वसाहती, म्हणजे सेटलमेंटे, उभ्या राहिल्या. त्यांपैकी सोलापूरची मोठी होती, आणि तिच्यातील माणसे गिरण्यांत मजुरीला जात. धाराशिवचा मुलूख 1860 च्या तहाने निजामाकडे परत गेला होता, तरी हैदराबाद संस्थानाचीही गुन्हेगार जमातींसाठी स्वतंत्र नियमावली होती. त्यामुळे सीमेच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, पारध्याच्या पाठीमागचा शिक्का तोच राहिला.

या काळात आणखी एक वाङ्मयप्रकार बहरला, आणि साहित्याच्या इतिहासात त्याचा उल्लेख सहसा होत नाही. मुंबई इलाख्याच्या पोलीस खात्यातील एम. केनेडी यांनी 1908 साली इलाख्यातील गुन्हेगार वर्गांवर टिपणांचे एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात भामटे, कैकाडी, पारधी, रामोशी, मांग-गारुडी अशा एकेका समूहाचा पेहराव, बोली, वस्तीचे प्रदेश आणि गुन्ह्याची पद्धत क्रमाने दिलेली आहे. हे पुस्तक जणू पक्ष्यांच्या जाती ओळखण्याची मार्गदर्शिका असावी अशा बेताने रचलेले आहे. त्यात बायकांची लुगडी नेसण्याची तऱ्हाही ओळखीची खूण होते, आणि घरात बोलली जाणारी मातृभाषा ही संशयाची बाब ठरते. स्लीमनने तर 1836 सालीच ठगांच्या सांकेतिक बोलीचा स्वतंत्र कोश छापला होता. आपली भाषा इतरांना कळत नाही याचा अर्थ ती लपवाछपवीसाठीच आहे, असे मानण्याची सवय तेव्हापासूनची आहे. आजही बाजारात किंवा एसटीत दोन पारधी स्त्रिया आपल्या बोलीत बोलू लागल्या की आजूबाजूचे हात खिशाकडे जातात, त्यामागे ही जवळजवळ दोनशे वर्षांची शिकवण आहे.

स्वातंत्र्यानंतर अनंतशयनम अय्यंगार समितीने हा कायदा रद्द करण्याची शिफारस केली आणि 31 ऑगस्ट 1952 रोजी तो देशभर रद्द झाला. म्हणून हे समूह त्यानंतर विमुक्त म्हणवले जातात आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. परंतु गुन्हेगार जमातींचा कायदा गेला त्याच काळात सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे राज्याराज्यांत आले, आणि मुंबई राज्याचा तसा कायदा 1959 चा आहे. हे कायदे कागदावर व्यक्तीविषयी बोलत असले, तरी ठाण्यातील जुन्या नोंदवह्या, जुन्या सवयी आणि जुनी नावे तीच होती.

बातमीचे गणित

कायदा रद्द करता येतो, परंतु प्रतिमा रद्द करण्याचे राजपत्र निघत नाही. ती टिकवून धरण्याचे काम गेल्या सात दशकांत प्रामुख्याने बातमीने केले आहे, आणि त्यात वार्ताहराचा दुष्टावा असतोच असे नाही. जिल्ह्याच्या पानावरील गुन्हेवृत्ताचा मुख्य स्रोत म्हणजे पोलिसांचे प्रसिद्धिपत्रक होय. त्यात आरोपीचे नाव, वय आणि राहण्याचा पत्ता असतो, आणि बातमी बहुधा त्याच क्रमाने व त्याच शब्दांत छापली जाते. धाराशिव जिल्ह्यात, विशेषतः कळंब आणि वाशी तालुक्यांत, पारध्यांच्या वस्तीला 'पारधी पिढी' म्हणण्याचा प्रघात आहे. त्यामुळे बातमीदाराने जात लिहायची नाही असे ठरवले, तरी 'राहणार पारधी पिढी' या तीन शब्दांत ती आपोआप येते. मराठीत पिढी म्हणजे वंशाची एक पायरी, आणि हाच शब्द येथे वस्तीचे नाव झाला आहे. गुन्हा वंशातून उतरतो असे मानणाऱ्या कायद्याची आठवण भाषेने इतक्या नकळत जपावी, हा योगायोग असला तरी बोलका आहे. सहकारी संस्थेत अपहार झाला, बनावट बियाणे विकले गेले किंवा वाळूचा उपसा झाला, तर मात्र आरोपीची जात मथळ्यात किंवा पत्त्यात कधी दिसत नाही. ती कृत्ये माणसाची मानली जातात आणि दरोडा जमातीचा.

या विषमतेचा मनावर काय परिणाम होतो, हे डेव्हिड हॅमिल्टन आणि रॉबर्ट गिफर्ड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1976 साली प्रसिद्ध केलेल्या एका साध्या प्रयोगातून समजते. त्यांनी सहभागी व्यक्तींना दोन काल्पनिक गटांतील माणसांविषयीची 39 वाक्ये वाचायला दिली. पहिल्या, मोठ्या गटाविषयी 18 चांगली आणि 8 वाईट, तर दुसऱ्या, लहान गटाविषयी 9 चांगली आणि 4 वाईट वाक्ये होती. दोन्हीकडे चांगल्या-वाईटाचे प्रमाण एकसारखे होते. तरीही वाचणाऱ्यांनी लहान गटाच्या माथी प्रत्यक्षापेक्षा अधिक वाईट कृत्ये मारली आणि त्याच्याविषयी हिणकस मत दिले. लहान गट दुर्मीळ असतो, वाईट कृत्यही तुलनेने दुर्मीळ असते, आणि दोन दुर्मीळ गोष्टी एकत्र दिसल्या की त्यांची जोडी स्मरणात ठसते. नसलेला किंवा असेल त्याहून मोठा संबंध दिसण्याच्या या प्रवृत्तीला आभासी सहसंबंध म्हणतात. प्रयोगातील वाक्ये निदान समप्रमाणात होती. वर्तमानपत्रात पारधी समाजाविषयीची चांगली वाक्ये जवळजवळ नसतातच. त्या समाजातील मुलीने दहावीची परीक्षा दिली, एखाद्या कुटुंबाने गायरानावर तूर पेरली, एखाद्या बाईने गावच्या ग्रामसभेत रेशनकार्डाचा प्रश्न विचारला, ही रोजची आणि म्हणून बातमी न होणारी सत्ये आहेत. अटकेची बातमी येते आणि सुटकेची येत नाही, त्यामुळे वाचकाच्या मनातील खात्यात फक्त नावेची बाजूच वाढत राहते.

हाच परिणाम काल्पनिक कथांमुळे अधिक सावकाश आणि अधिक खोलवर होतो. पेनसिल्वेनिया विद्यापीठातील जॉर्ज गर्बनर यांनी दूरचित्रवाणीच्या दीर्घकालीन परिणामांचा अभ्यास केला. जास्त वेळ दूरचित्रवाणी पाहणाऱ्यांना प्रत्यक्षातले जग आहे त्याहून अधिक हिंसक वाटू लागते, असे त्यांनी दाखवले. एका कार्यक्रमाने कोणाचे मत बदलत नाही, पण वर्षानुवर्षे पडणाऱ्या थेंबांनी जमिनीची जात बदलावी तसे जगाविषयीचे गृहीतक बदलते, असा या मशागत-सिद्धांताचा गाभा आहे. गुन्ह्यांचे नाट्यरूपांतर करणाऱ्या मालिका आणि 'अमुक टोळीची दहशत' अशा ध्वनिचित्रफिती हा मशागतीचाच भाग आहे.

साचा नेहमी काळ्या रंगाचाच असतो असेही नाही. मराठी चित्रपटाने 1959 च्या 'सांगत्ये ऐका'पासून 1972 च्या 'पिंजरा' आणि 2010 च्या 'नटरंग'पर्यंत तमाशातील कलावंतिणीला नऊवारी, घुंगरू आणि दिव्यांच्या झगमगाटात पाहिले. लमाण स्त्रीचा आरसेकाम केलेला घागरा हा गाण्याच्या पार्श्वभूमीचा हुकमी रंग झाला. ही चित्रे वरवर कौतुकाची आहेत, पण त्यांतही समूहाला एकच गुण चिकटवलेला असतो, आणि त्या गुणापलीकडच्या माणसाला पडद्यावर जागा नसते. डॉ. किशोर शांताबाई काळे यांच्या 1994 च्या 'कोल्हाट्याचं पोर' या आत्मकथनाने या झगमगाटामागचा हिशेब मांडला. नाचणाऱ्या स्त्रीच्या कमाईवर सारे घर जगते आणि तिच्या मुलाला बापाचे नावही मिळत नाही, हे चित्रपटांनी कधी सांगितले नव्हते.

'मी' परत घेणारे लेखक

या साऱ्या प्रतिमांना साहित्यातूनच उत्तर मिळाले. अण्णा भाऊ साठे यांच्या 1959 च्या 'फकिरा' या कादंबरीला 1961 साली राज्य शासनाचा पुरस्कार लाभला. तिच्यात हजेरीच्या जाचाखालचा मांग समाज प्रथमच आतून दिसला, आणि सरकारी दप्तरात जो दरोडेखोर ठरला असता तो उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा नायक म्हणून उभा राहिला. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' 1980 साली आले. ते कैकाडी समाजाच्या पाठीवरच्या बिऱ्हाडाची कहाणी सांगणारे आत्मकथन होते, आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. भीमराव गस्ती यांनी सीमाभागातील आपल्या समाजाचे नाव, जे मराठीत शिवी झाले होते, तेच पुस्तकाच्या मुखपृष्ठावर घेतले आणि 'बेरड' लिहिले.

धाराशिवच्या दृष्टीने यातील सर्वांत महत्त्वाचे पुस्तक म्हणजे लक्ष्मण गायकवाड यांचे 1987 साली प्रसिद्ध झालेले आणि पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेले 'उचल्या' हे होय. लेखकाचे गाव लातूर तालुक्यातील धनेगाव, आणि लातूर हा स्वतंत्र जिल्हा 1982 मध्ये उस्मानाबादेतून वेगळा होईपर्यंत ते उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. कायदा रद्द झाल्याचे 1952 हेच साल गायकवाड यांच्या जन्माचे म्हणून नोंदलेले आहे, त्यामुळे त्यांची कहाणी ही कायद्याने मुक्त पण प्रत्यक्षात शिक्क्याखालीच वाढलेल्या पहिल्या पिढीची कहाणी आहे. या पुस्तकात चोरीचे वर्णन आहे, ती शिकण्याच्या पद्धतीचेही आहे, आणि त्या दृष्टीने ते टेलरच्या कादंबरीशी एका पातळीवर शेजारी बसते. दोन्हींत 'मी' बोलतो आणि दोन्हींत गुन्ह्याची कारागिरी सांगितली जाते. तरीही दोन्हींचा अर्थ परस्परविरुद्ध आहे. अमीर अलीच्या कहाणीत भूक नाही, जमीन नाही, पोलिसांचा मार नाही. तिथे गुन्हा हा नशीब आणि व्रत आहे. 'उचल्या'मध्ये प्रत्येक चोरीच्या अलीकडे रिकामे मडके आहे आणि पलीकडे झडती आहे, शाळेत जाऊ पाहणाऱ्या मुलाकडे संशयाने पाहणारे जग आहे, आणि काम मागायला गेले तर जमातीचे नाव ऐकून मिळणारा नकार आहे. कबुलीजबाबात गुन्हेगार आपल्या टोळीविरुद्ध बोलतो. आत्मकथनात माणूस आपल्या समूहाच्या वतीने बोलतो, आणि प्रसंगी त्याच्या उणिवाही लपवत नाही. 1839 आणि 1987 यांच्यामधली 148 वर्षे म्हणजे या एका सर्वनामाची मालकी बदलायला लागलेला काळ होय.

लेखणीबरोबर संघटनाही आली. 1998 साली पश्चिम बंगालमध्ये बुधन शबर या विमुक्त समाजातील तरुणाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला. त्यानंतर महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी कृतिगट उभारला, आणि अहमदाबादच्या छारानगरातील तरुणांनी त्या मृत्यूवर नाटक करून बुधन थिएटर ही नाट्यचळवळ सुरू केली. याच जिल्ह्यात, तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे, 1990 च्या दशकात गिरीश प्रभुणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारधी व इतर भटक्या-विमुक्त मुलांसाठी निवासी शाळेचा प्रकल्प उभा केला. सोलापूरचे बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने 2008 साली दिलेल्या अहवालात या समूहांच्या ओळखपत्रांचा, निवाऱ्याचा आणि त्यांच्यावरील कलंकाचा प्रश्न देशापुढे मांडला. पडद्यावर नागराज मंजुळे यांच्या 2013 च्या 'फँड्री'मध्ये कैकाडी कुटुंबातील जब्या अखेरच्या दृश्यात दगड भिरकावतो, आणि तो थेट प्रेक्षकाकडे येतो. आजवर ज्याच्याकडे पाहिले गेले त्याने पाहणाऱ्याकडे वळून पाहण्याचा तो क्षण आहे.

या प्रति-कथनालाही मर्यादा आहेत आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. आत्मकथने गाजली तशी त्यांच्याकडूनही ठरावीक दुःखाची अपेक्षा होऊ लागली, आणि विमुक्त लेखकाने प्रेमकथा किंवा विनोद लिहिला तर प्रकाशक गोंधळावा अशी परिस्थिती आली. शिवाय पूर्वग्रह घेऊन आलेला वाचक 'उचल्या' वाचूनही आपलेच मत पक्के करू शकतो, कारण ठसा मनात आधीच असेल तर मजकूर कोणताही असो, छापा तोच उमटतो. म्हणून एका लेखकाचे एक पुस्तक पुरत नाही. एका समूहातून अनेक आवाज, आणि तेही परस्परांशी न जुळणारे, ऐकू येतात तेव्हाच 'ते सगळे तसलेच' हे वाक्य खोटे पडते.

पत्रकारितेला यात करता येण्याजोगे बरेच आहे, आणि त्यासाठी नवे नियमही नकोत. भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेत आधीच म्हटले आहे की ज्या संदर्भात एखाद्या जातीकडे हीनत्व येईल तेथे व्यक्तीची जात सांगणे टाळावे. त्याच न्यायाने, पत्त्यात वस्तीऐवजी गाव लिहिणे, अटकेइतकीच जागा निर्दोष सुटकेला देणे आणि पोलिसांच्या पत्रकाबरोबर वस्तीतील एका माणसाचे म्हणणे नोंदवणे, एवढे केले तरी बातमीचे गणित बदलते. पत्रकारितेची ताकद किती असते, याचा दाखला 2024 मध्ये मिळाला. पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगांतील जातिभेदावर वार्तांकन केले, आणि त्यातूनच त्यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी निकाल दिला. कैद्यांना जातीवरून कामे वाटण्याचे नियम त्याने घटनाबाह्य ठरवले, आणि विमुक्त जमातींना जन्मतः सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तुरुंग-नियमावल्यांतील तरतुदीही रद्द केल्या. कायदा जाऊन बहात्तर वर्षे झाल्यावरही ती भाषा सरकारी पुस्तकांत छापली जात होती, हे त्या निकालाने देशाला दाखवले.

टेलरच्या कादंबरीत अमीर अली बोलतो तेव्हा समोरच्या खुर्चीत साहेब असतो. तो क्वचित प्रश्न विचारतो, पण काय सांगण्याजोगे आहे हे त्याच्या उपस्थितीनेच ठरते. नळदुर्गचा तो साहेब 1876 साली वारला आणि त्याचे राज्यही गेले, परंतु ऐकणाऱ्याची खुर्ची रिकामी राहिलेली नाही. सकाळी जिल्ह्याच्या पानावर 'राहणार पारधी पिढी' वाचून जो पुढच्या बातमीकडे वळतो, आणि त्या वस्तीविषयी आपल्याला आणखी काय माहीत आहे असा प्रश्न ज्याला पडत नाही, तो वाचक त्याच खुर्चीत बसलेला असतो.